सासूबाई ज्येष्ठ नागरिक संघात का येत नाहीत: लहानपण, म्हातारपण आणि मधले दुवे

ताई, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात लिहिते म्हणजे बाकीच्यांना संदर्भ लागेल. तुमची आई ७६ वर्षांची, पुण्यात वाढलेली, वडील शाळामास्तर, मॅट्रिक झालेली, आज संघ, सहल, भिशी सगळीकडे पुढे. सासूबाई ७३ च्या, सोलापूर जिल्ह्यातल्या दुष्काळी पट्ट्यातल्या, शाळेत कधी गेल्या नाहीत, चौदाव्या वर्षी लग्न, बहात्तरच्या दुष्काळात रस्त्याच्या कामावर खडी फोडली आणि त्याच काळात तुमचे मिस्टर पोटात होते. सासरे गेल्यावर दोन वर्षांपूर्वी तुम्ही त्यांना चिंचवडच्या फ्लॅटवर आणलं. तेव्हापासून खोलीत बसून असतात, संघात दोनदा नेलं तर परत नको म्हणाल्या, अंगाने काटकुळ्या असून शुगर निघाली, आणि मिस्टर म्हणतात आईचा स्वभावच तसा. तुमचा प्रश्न असा की हे लहानपणीच्या परिस्थितीमुळे असू शकतं का, आणि असेल तर या वयात काही करता येतं का.

मी फिजिशियन आहे, गेली बरीच वर्षं माझ्याकडे साठीच्या पुढचेच पेशंट जास्त येतात, त्यात खेड्यातून मुलाकडे राहायला आलेल्या आज्या भरपूर. स्वभाव हे निदान मी शेवटी ठेवते, कारण एकदा स्वभाव म्हटलं की तपासणी थांबते.

सरळ उत्तर द्यायचं तर हो, लहानपणाचा हात मोठा असतो. पण लहानपण काही थेट येऊन सत्तराव्या वर्षी माणसाला खोलीत बसवत नाही, मध्ये काहीतरी असतं, कुणाचा लहानपणी फुटलेला कान, कुणाला अक्षरओळख नाही, कुणाला कोवळ्या वयातल्या बाळंतपणांनी लागलेला त्रास, कुणाला चार माणसांत बसायची सवयच कधी लागू दिली गेली नाही. हे जे मधलं असतं ते बऱ्याचदा आजही दुरुस्त होतं, लहानपण दुरुस्त होत नाही. म्हणून मी पेशंटचं लहानपण विचारते ते हळहळायला नाही, मधलं काय आहे ते शोधायला.

आधी शुगरचं बघू कारण त्यावर अभ्यास सगळ्यात पक्का आहे आणि आपल्या पुण्यातलाच आहे.

इंग्लंडमधल्या हर्टफर्डशायर परगण्यात १९११ पासून प्रत्येक बाळाचं जन्माचं आणि एक वर्षाचं वजन नर्स वहीत लिहून ठेवायच्या. डॉ. डेव्हिड बार्कर यांनी त्या वह्या शोधून काढल्या आणि ती बाळं म्हातारी झाल्यावर त्यांचं काय झालं ते तपासलं, तेव्हा जन्माला आणि पहिल्या वर्षी वजन कमी असलेल्यांत पुढे हार्टच्या आजाराने मरण्याचं प्रमाण जास्त निघालं. १९८९ मध्ये हे छापून आलं तेव्हा बऱ्याच डॉक्टरांनी नाकं मुरडली होती. मग हॉलंडचा दाखला आहे, १९४४-४५ च्या हिवाळ्यात जर्मनांनी धान्य अडवलं आणि शहरात माणशी रेशन दिवसाला १००० कॅलरीच्याही खाली गेलं. त्या काळात जी पोटात होती ती मुलं पन्नाशीला आल्यावर तपासली तर शरीराला साखर नीट न पेलणं, आणि गरोदरपणाच्या पहिल्या महिन्यांत उपासमार झालेल्यांत हार्टचा त्रास, हे जास्त दिसलं.

आणि पुण्यात केईएम हॉस्पिटलच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांत गरोदर बायकांपासून सुरुवात करून त्यांच्या मुलांना आजतागायत फॉलो केलंय. आपल्या बाळांचं सरासरी वजन निघालं २.७ किलोच्या आसपास, इंग्लंडच्या साउदॅम्प्टनमधल्या बाळांचं ३.५ किलो. पण गंमत पुढे आहे, आपलं बाळ दिसायला बारीक, स्नायू कमी, आणि चरबी मात्र त्या मानाने राखून ठेवलेली. म्हणजे बारीक दिसणारं पण आतून चरबीचं अंग हे जन्मापासून. याज्ञिकांचा आणि त्यांच्या इंग्लंडमधल्या मित्राचा, डॉ. युडकिन यांचा, शेजारी उभं राहून काढलेला फोटो २००४ च्या लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आलाय, दोघांचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजन) सारखाच २२.३, अंगातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि आपल्या याज्ञिकांची २१.२ टक्के. त्यामुळे सासूबाई काटकुळ्या आहेत मग शुगर कशी असा प्रश्न शेजारणीने विचारला तर हेच सांगा. वजनाचा काटा बघू नका, पोटाचा घेर मोजा. आणि शुगर आहे म्हणून त्यांचं खाणं अजून कमी करू नका प्लीज, हे घराघरात होतंय, आधीच स्नायू नाहीत आणि त्यात भात बंद, गूळ बंद, शेंगदाणे बंद. त्यांना डाळ, दूध, अंडं चालत असेल तर अंडं, हे वाढवायला हवंय. किडनीचा रिपोर्ट एकदा बघून घ्या आणि वाढवा.

स्नायूंचं पण तसंच. ब्रिटनमध्ये मार्च १९४६ च्या एका आठवड्यात जन्मलेल्या ५३६२ मुलांना तिथले लोक अजून तपासतायत, त्यांच्यात जन्माचं वजन जितकं चांगलं तितकी ५३ व्या वर्षी हाताची पकड मजबूत निघाली. पकड म्हणजे नुसतं बरणीचं झाकण उघडणं नाही, पकड बरी असेल तर साधारण पाय पण बरे असतात, जिने चढवतात, बसमध्ये दांडा धरता येतो. घराबाहेर पडणं तिथून सुरू होतं.

आता बहात्तरचा दुष्काळ. ज्यांनी बघितला नाही त्यांना कल्पना येत नाही, लागोपाठ पाऊस नाही, १९७३ च्या उन्हाळ्यात राज्यात दुष्काळी कामांवर जवळपास ५० लाख माणसं होती, रस्ते, नालाबंडिंग, पाझर तलाव, खडी. कामावर सुकडी मिळायची, आणि रेशनला ती अमेरिकेची लाल ज्वारी, मिलो. त्या पिढीतल्या बायकांना मिलोचं नाव काढलं तरी तोंड वाकडं होतं, एकदा विचारून बघा, सासूबाई बोलायला लागतील. रोजगार हमी योजना तिथून आली, त्याचं श्रेय द्यायलाच हवं, त्या कामांनी माणसं जगली. पण सात-आठ महिन्यांची पोटुशी बाई उन्हात खडी फोडत होती आणि पोटात तुमचे मिस्टर होते हेही खरंच आहे.

म्हणून ताई, या सगळ्यात सगळ्यात आधी कुणाची टेस्ट करायची तर मिस्टरांची. आता ते ५२ चे असतील, बैठं काम, बहुतेक पोट सुटलेलं. एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी शुगर), बीपी, लिपिड (रक्तातली चरबी) करून घ्या. घाबरवत नाहीये. दुसऱ्या महायुद्धात लेनिनग्राडला वेढा पडला होता तिथेही पोटातल्या बाळांची उपासमार झाली, पण पुढे त्यांच्यात डायबेटिस जास्त आढळला नाही. एक कारण असं सांगतात की तिथे नंतरही बरीच वर्षं खाण्याची चंगळ नव्हती, शरीर ज्या तंगीला तयार झालं होतं तीच पुढे मिळाली. घोटाळा होतो तो पोटात दुष्काळ आणि नंतर बेकरी अशी गाठ पडली की. तुमच्या घरी नेमकी तशी गाठ आहे, एवढंच. आणि हे सगळे आकडे हजारो माणसांचे मिळून असतात, एका माणसाकडे बोट दाखवून हे दुष्काळामुळेच झालं असं कोणताही डॉक्टर सांगू शकत नाही, सांगत असेल तर दुसरा डॉक्टर बघा.

बरं आता मुख्य मुद्दा, संघात न जाणं.

पहिले मी कान बघते. सासूबाईंना विचारा लहानपणी कान फुटायचा का, वाहायचा का. त्या पिढीत खेड्यात हे इतकं कॉमन होतं की कुणी आजार समजायचंच नाही, लसणाचं तेल कोमट करून घालायचे, कापूस घालायचे, पोरगी तशीच खेळायची. पडद्याला भोक राहायचं, ऐकू कमी यायचं, पण शेतात, घरात, ओळखीच्या माणसांत चालून जायचं, तोंडाकडे बघून कळायचं, लोकही मोठ्याने बोलायचे. आता सत्तरीत वयामुळे येणारा बहिरेपणा त्यावर चढला आणि तुम्ही नेलं हॉलमध्ये, जिथे माइक खरखरतोय, पंखे चालू, चाळीस माणसं एकदम बोलतायत आणि सगळी पुणेरी भाषा. त्यांना बहुतेक निम्मं कळलंच नाही. कळलं नाही असं म्हणायची लाज वाटते, दोनदा चुकीचं उत्तर दिलं की लोक हसतात, तिसऱ्यांदा माणूस जात नाही. घरी तुम्हाला बहिरेपणा जाणवत नाही कारण घरी त्या मान हलवतात. मागे उभं राहून हळू आवाजात काहीतरी विचारा, उत्तर येतं का बघा.

कानाचं एवढं लांबवलं कारण याचा संबंध पुढे डोक्याशी पण आहे. लॅन्सेटच्या डिमेन्शियावरच्या (म्हातारपणी स्मरण-बुद्धी ढासळणं) तज्ज्ञ कमिशनने २०२४ मध्ये १४ कारणं दिली आहेत जी टाळली किंवा दुरुस्त केली तर जगातले ४५ टक्क्यांच्या आसपास डिमेन्शिया टाळता किंवा पुढे ढकलता येतील. त्यात लहानपणातलं कारण एकच आहे, शिक्षण कमी मिळणं. मधल्या वयातल्या कारणांत बहिरेपणा आहे, आणि म्हातारपणच्या कारणांत एकटेपणा. तुम्ही लिहिलेल्या बाईच्या आयुष्यात हे तिन्ही एका माळेत बसू शकतात, कान फुटलेला असेल तर तो, शाळा नाही, आता एकटी. अमेरिकेत २०२३ मध्ये एका मोठ्या ट्रायलमध्ये ऐकायची मशीन देऊन तीन वर्षं बघितलं, सगळ्यांचा मिळून बुद्धीच्या घसरणीवर फरक दिसला नाही, पण ज्यांना आधीपासून धोका जास्त होता त्या गटात घसरण ४८ टक्क्यांनी मंदावली. सासूबाई त्या दुसऱ्या गटासारख्या आहेत.

शाळेचं थोडं समजून घ्या. शाळेत गेलेल्या माणसाचा मेंदू आजारी पडत नाही असं नाही, पण खोल विहिरीचं पाणी उन्हाळ्यात उशिरा आटतं तसं आहे, दुष्काळ दोन्ही विहिरींना सारखाच. १९५१ च्या जनगणनेत देशात बायकांची साक्षरता ९ टक्क्यांच्या आसपास होती, सासूबाई त्याच सुमारास जन्मल्या, म्हणजे त्यांचं न शिकणं हा अपवाद नव्हताच, तुमच्या आईचं मॅट्रिक होणं हा अपवाद होता. आणि साक्षरता नसणं रोजच्या जगण्यात किती ठिकाणी आडवं येतं बघा, बसची पाटी, लिफ्टची बटणं, बँकेचा फॉर्म, संघाचं रजिस्टर. त्या दिवशी संघात सही करायला सांगितली होती का? अंगठा द्यावा लागला असेल तर तेवढंच पुरेसं आहे परत न जायला.

इथे एक सांभाळा. उद्या कुणी मेमरी टेस्ट केली आणि आजची तारीख काय, शंभरातून सात वजा करा, हे चित्र काढा असं विचारलं तर शाळेत न गेलेली धडधाकट बाई पण नापास होते. हातात पेन पहिल्यांदा धरलेल्या माणसाला पंचकोन काढायला लावून डिमेन्शिया ठरवायचा हा अन्याय आहे. उत्तर भारतात बल्लभगडच्या खेड्यांत काम करणाऱ्या संशोधकांनी म्हणून निरक्षर लोकांसाठी वेगळी टेस्ट बनवली होती. मी विचारते एकादशी कधी झाली, आता कुठला मराठी महिना, घरात मागच्या लग्नात कुणाला काय आहेर केला. आहेराचं ज्या बाईला बिनचूक आठवतं तिची स्मरणशक्ती माझ्यापेक्षा बरी असते.

आता जरा अवघड विषय, आणि हा तुम्हीच विचारायचा आहे, मिस्टरांनी नाही. चौदाव्या वर्षी लग्न, मग पंधरा-सोळाव्या वर्षापासून बाळंतपणं, घरी, सुईणीच्या हातून, आणि सव्वा महिना होतो न होतो तोवर डोक्यावर ओझं. मुलीचं लग्नाचं वय १८ झालं १९७८ मध्ये, यांच्या लग्नाच्या वेळी कायद्यात १५ होतं आणि तेही कोण पाळत होतं. अशा बायकांमध्ये अंग बाहेर येणं, म्हणजे गर्भाशय खाली सरकणं, आणि खोकलं-शिंकलं की लघवी सुटणं हे इतकं आढळतं आणि इतकं लपवलं जातं की तीस-तीस वर्षं नवऱ्यालाही सांगितलेलं नसतं. अशी बाई सहलीला जाणार नाही, देवळात मांडी घालून तासभर बसणार नाही, संघाच्या हॉलमध्ये संडास कुठे आहे हे विचारायची लाज वाटते म्हणून जाणार नाही, आणि कारण विचारलं तर म्हणेल मला आवडत नाही. घरातले म्हणतात स्वभाव. माझ्याकडे गुडघेदुखी म्हणून आणलेल्या आज्या आत एकट्या घेतल्या आणि दार लावून विचारलं की निम्म्या वेळा हे निघतं. आणि याला उपाय आहेत हो, व्यायाम आहेत, आत बसवायची रिंग आहे जी ऑपरेशन नको असणाऱ्यांना चालते, ऑपरेशन पण आहे. बाई गायनॅकॉलॉजिस्ट शोधा, तुम्ही सोबत जा पण तपासणीच्या वेळी त्यांना हवं असेल तर बाहेर थांबा. साड्या वाळत घालताना जास्त दिसतायत का, पाणी कमी पितात का, बाहेर जायच्या दिवशी सकाळपासून चहा घेत नाहीत का, हे बघितलं तरी अंदाज येतो.

बाकीचं भराभर सांगते. मोतीबिंदू तपासा. तोंड तपासा, त्या भागातल्या बायकांना पोरवयातच तंबाखूच्या मिश्रीची सवय लागते, दात गेलेले असतात, चारचौघांत जेवायची लाज वाटते आणि मिश्री कुठे लावायची हाही प्रश्न, शिवाय तोंडात पांढरा चट्टा किंवा न भरणारी जखम असेल तर ते वेगळंच प्रकरण, लगेच दाखवा. चालताना दम लागत असेल तर फुप्फुसाची फुंकायची टेस्ट करा, फुप्फुस विशी-पंचविशीपर्यंत वाढत असतं आणि ती सगळी वर्षं पोरगी चुलीच्या धुरात बसलेली, विडी-सिगारेट न ओढता सीओपीडी (श्वासनळ्या कायमच्या आकसण्याचा आजार) होणाऱ्या बायका आपल्याकडे ढिगाने आहेत. हिमोग्लोबिन, बी१२, थायरॉइड. बी१२ विशेषतः, कमी असलं तर पाय बधिर होतात, तोल जातो, विसरायला होतं, माणूस निरुत्साही होतो, आणि इंजेक्शनांनी बऱ्यापैकी सुधारतं.

हे सगळं मी लहानपणाच्या खात्यावर टाकतेय, पण ताई एक गोष्ट मला तुमच्या पत्रात खटकली. तुम्ही लिहिलंय की गावाला असताना त्या बऱ्या होत्या, दोन वर्षांत अशा झाल्या. मग सगळा दोष लहानपणाचा कसा? ७१ वर्षं तेच लहानपण घेऊन ती बाई पहाटे काकड्याला जात होती, हरिपाठाला बसत होती, लग्नघरी भाकऱ्या थापायला पहिली हजर, रानात खुरपायला दहा जणींत. आपण सहभाग मोजतो तो आपल्या मापाने, संघाची मेंबरशिप, ट्रिप, व्हॉट्सअॅप ग्रुप. भाकऱ्या थापणं त्यात येत नाही. नवरा गेला, गाव सुटलं, चौथ्या मजल्यावर आल्या, दार लावून घेणारे शेजारी. असं झाल्यावर शिकलेलं माणूस पण कोमेजतं. फरक एवढाच की तुमच्या आईसारख्या बाईला नवीन जागी नवीन माणसं जोडायला लागणारी हत्यारं शाळेनं, शहरानं, पेठेतल्या हळदीकुंकवांनी आधीच हातात दिलेली असतात, आणि सासूबाईंची हत्यारं गावातच चालतात. लहानपणाचा परिणाम मला सगळ्यात जास्त इथे दिसतो, धक्का सारखाच बसतो पण सावरायची सोय वेगळी असते.

अजून एक आहे, तुम्ही जात लिहिली नाहीये आणि मी विचारतही नाही, पण हा विषय निघाला की हे टाळून चालत नाही. ज्या पोरीला आठव्या वर्षी कळलंय की विहिरीवर थांबायचं, कुणीतरी वरून पाणी ओतेल, हॉटेलात आपली कपबशी वेगळी, पारावर आपण बसायचं नाही, ती सत्तराव्या वर्षी सोसायटीच्या क्लबहाउसमध्ये खुर्ची ओढून बसेल अशी अपेक्षा आपण कशाच्या जोरावर करतो? महाडचं तळं १९२७ चं, पण गावोगावी तळी किती उशिरा खुली झाली ते त्या पिढीला विचारा. आणि हीच बाई विहारात वंदनेला, ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर, तास तास रांगेत उभी राहते, गाणी म्हणते, चार जणींना सोबत घेऊन येते. तिच्यात सहभागाची कमी नाहीये, तुमच्या हॉलमध्ये तिला जागा आहे असं तिला कधी वाटलंच नाही.

माणसांत असण्याचा तब्येतीशी संबंध किती, असं विचाराल तर २०१० मध्ये १४८ अभ्यास एकत्र करून बघितले होते, ज्यांची माणसांशी नाती घट्ट त्यांची त्या त्या अभ्यासाच्या काळात जिवंत राहण्याची शक्यता ५० टक्क्यांनी जास्त निघाली. यात उलटा रस्ता पण आहे, आजारी माणूस बाहेर पडू शकत नाही म्हणून एकटा दिसतो, त्यामुळे आकडा जरा हातचा राखून घ्यावा. आपल्याकडे आता मुंबईच्या देवनारच्या लोकसंख्या विज्ञान संस्थेने २०१७-१८ मध्ये ४५ च्या पुढच्या ७२ हजारांवर लोकांची पाहणी केलीय, त्यात लहानपणी तब्येत कशी होती, घरची परिस्थिती कशी होती हेही विचारलंय, त्यावर आता भराभर पेपर येतायत. फक्त म्हातारपणी सांगितलेलं लहानपण हे आजच्या मूडने रंगलेलं असतं, ज्याचे गुडघे दुखतायत त्याला लहानपणही कष्टाचंच आठवतं. आणि दुसरी अडचण, १९४१ ते ५१ च्या दशकात आपल्या देशात सरासरी आयुर्मान ३२ वर्षांच्या आसपास होतं, म्हणजे ज्यांचं लहानपण सगळ्यात वाईट होतं ते पाहणीपर्यंत पोचलेच नाहीत, आपल्याला भेटतात ते चिवट उरलेले. तुमच्या सासूबाई त्यातल्या, त्यांना कमजोर समजू नका.

तर करायचं काय. तपासण्या वर लिहिल्याच, क्रम म्हणाल तर कान, मग दार लावून विचारायचा तो प्रश्न, मग डोळे आणि रक्त. संघाचा नाद सध्या सोडा. सोसायटीत धुणंभांडी करायला येणाऱ्या, वॉचमनच्या घरच्या, बांधकामावरच्या बायकांत सोलापूर-मराठवाड्याकडची कुणी ना कुणी चिंचवडला सापडतेच, त्यांच्याशी गप्पा होऊ द्या, आपल्या घरची सासू कामवालीशी बोलत बसते म्हणून कपाळाला आठ्या घालू नका. जवळ कुठे हरिपाठ चालतो का बघा, तिथे वाचता यावं लागत नाही, पाठ असतं, आणि ज्याचं पाठ असतं त्याला मान असतो. फोनवर व्हॉइस मेसेज पाठवायला शिकवा, बहिणीला, जावेला, एक बटण दाबून बोलायचं, अक्षर लागत नाही, मी हे माझ्या पेशंटना अक्षरशः औषधासारखं लिहून देते. आणि हुरड्याच्या दिवसांत महिनाभर गावी जाऊ द्या. एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे, ७५ पूर्ण झाली की फुकट, पैशांचा प्रश्न नाही, सोबत बसवून द्यायला आणि तिकडे उतरवून घ्यायला माणूस हवा. मिस्टर म्हणतील तिकडे आजारी पडली तर, त्यांना सांगा इकडे काय चाललंय.

कामही द्या घरात, नुसतं "आई तुम्ही बसा" नको. बसा म्हणणं तुम्हाला मान वाटतो, ज्या बाईने आयुष्यभर हाताने कमावलं तिला ते रिटायर केल्यासारखं वाटतं. चटण्या, भाकरी, नातीला गोधडीचा टाका शिकवणं, काहीही, पण खरं काम, खोटं करमणुकीचं नको, ते त्यांना लगेच कळतं.

तुमच्या मुलीचं पण एक वाक्य, १७ ची आहे म्हणालात, तिचं हिमोग्लोबिन आणि बी१२ आत्ता बघा. याज्ञिकांच्या गावांत गरोदरपणी बी१२ कमी आणि फोलेट (फॉलिक अॅसिड) जास्त असलेल्या आयांच्या मुलांत सहाव्या वर्षीच इन्सुलिन नीट काम करत नाही असं दिसलं होतं. म्हणजे पुढच्या पिढीचं म्हातारपण तिच्या आत्ताच्या डब्यात आहे. शाळेतला दुपारचा भात कुणी हसण्यावारी नेतो तेव्हा मला राग येतो तो यासाठीच, ज्या मुलींना शाळेत ते जेवण मिळालं त्यांच्या पुढच्या मुलांत खुंटलेली वाढ कमी दिसली असा २०२१ चा अभ्यास आहे.

आईशी तुलना मात्र बंद करा, निदान त्यांच्या समोर. आणि आईचंही गृहीत धरू नका, भिशी-सहलीवाल्या बायका एक फ्रॅक्चर झालं की सहा महिन्यांत एकट्या पडलेल्या मी बघितल्यात.

कानाची ऑडिओमेट्री, म्हणजे ऐकण्याची तपासणी, करून आणाल तेव्हा रिपोर्टच्या आलेखात प्रत्येक कानाच्या दोन रेघा असतील, एक हवेतून ऐकण्याची, एक हाडातून ऐकण्याची. दोन्हींत मोठं अंतर असेल तर दोष पडद्याचा किंवा मधल्या कानाचा, म्हणजे लहानपणचा तो फुटलेला कान, कान कोरडा असेल तर पडदा बसवायचं ऑपरेशन या वयातही करता येतं का ते ईएनटीला विचारा. दोन्ही रेघा बरोबरीने खाली असतील तर मशीन. मशीन घेताना दुकानदार बारीक, न दिसणारं दाखवेल, ते नको, खुरप्याने घट्टे पडलेल्या बोटांनी त्याची बॅटरी निघत नाही, कानामागचं मोठं किंवा खिशातलं वायरचं घ्या आणि पहिले पंधरा दिवस फक्त घरात, टीव्ही बंद करून, एका वेळी एकाच माणसाशी बोलताना लावा. घरचं उत्पन्न वर्षाला दोन लाखांच्या आत असेल तर राज्याच्या वयोश्री योजनेत ६५ च्या पुढच्यांना अशा वस्तूंसाठी ३००० रुपये मिळतात, तुमचं बहुतेक त्यात बसणार नाही, पण गावाकडच्या जावेचं बसेल, तिला सांगून ठेवा.